माळ्यावरची फाइल

२०२०च्या उन्हाळ्यात नाशिक रोडला उघडं काय होतं, तर किराणा, दूध आणि आम्ही मेडिकलवाले. छोटे दवाखाने बंद, आणि जे चालू होते तिथून ताप म्हटलं की माणसं दारातूनच परत यायची. मग डॉक्टरला विचारायचे प्रश्न आमच्या काउंटरवर येऊ लागले. जेलरोडचं हे दुकान सासऱ्यांनी सुरू केलेलं. त्यांची सत्तरी उलटलेली, म्हणून त्यांना सक्तीने घरी बसवलं आणि मी व हाताखालचा एक मुलगा असे दोघं उभे राहिलो. समोर दोरी बांधली, वरून प्लास्टिकचा पडदा सोडला, पडद्याला खाली हात जाईल एवढी खाच कापली. चिठ्ठी, पैसे, औषध, सगळा व्यवहार त्या खाचेतून. बोलायचं मात्र मास्क लावून, पडद्यातून, ओरडून. त्यामुळे खासगी असं काही उरलंच नाही. कुणाला मूळव्याध आहे आणि कुणाच्या घरी गोड बातमी आहे हे रांगेतल्या चौथ्या माणसालाही कळायचं.

मार्चअखेर मलेरियाची गोळी कोरोनावर चालते अशी हवा झाली आणि तिच्यावर उड्या पडल्या. संधिवातासाठी ज्या बायकांना ती गोळी रोज लागते, त्या रिकाम्या हाताने परत गेल्या. सरकारने नियम कडक केला तेव्हा कुठे ती झुंबड ओसरली. मग व्हिटॅमिन सी, झिंक, आर्सेनिक अल्बम, काढ्याची पाकिटं. या गर्दीत एक वेगळं गिऱ्हाईक हळूहळू यायला लागलं, त्याच्याबद्दल लिहायचं आहे.

नाशिक रोडचं आणि परळचं नातं पंचवटी एक्स्प्रेसने जोडलेलं आहे. सकाळी सातच्या सुमाराला गाडीत बसायचं, दादरला उतरायचं, टाटा या कॅन्सर हॉस्पिटलची ओपीडी गाठायची, आणि काम आटोपलं तर संध्याकाळी त्याच गाडीने घरी. पासवाल्यांच्या डब्यात डोक्यावर टोपी आणि तोंडाला मास्क असलेलं पोर दिसलं की भांडकुदळ माणूसही उठून जागा देतो. कोरोनाच्या आधी आमच्याकडे मास्क म्हटला की टाटाची मुलंच डोळ्यांसमोर यायची. २२ मार्चला जनता कर्फ्यू लागला, गाड्या बंद झाल्या आणि हे नातं एका दिवसात तुटलं. पुढचे कित्येक महिने परळला जायचं म्हणजे ई-पास काढा, भाड्याची गाडी ठरवा आणि कसाऱ्याच्या घाटात पोलिसांना फाइल दाखवा.

पहिल्यांदा आले ते उपचार चालू असलेल्या मुलांचे आईबाप. रक्ताच्या कॅन्सरचा उपचार दोन-अडीच वर्षं चालतो. त्यातला शेवटचा लांबलचक टप्पा घरीच गोळ्या घेऊन काढायचा असतो: मर्कॅप्टोप्युरिन रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. एरवी या गोळ्या ते परळहूनच आणायचे. आता मी गोळे कॉलनीतल्या होलसेलवाल्यांकडे रोज फोन करून एकेक पाकीट मागवायला लागले. पाकिटावर मी जाड पेनने लिहायचे, ‘फक्त सोमवारी’. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतली तर माणूस जाऊ शकतो, आणि लॉकडाऊनमध्ये वार कुणाच्या लक्षात राहत होता! रक्त इथेच तपासायचं, रिपोर्टचा फोटो मुंबईला पाठवायचा, तिथून फोनवर डोस कमी-जास्त व्हायचा. टाटाने उपचार थांबवले नाहीत, एवढं मला या लोकांकडूनच कळत होतं. ज्यांचं थांबवता येण्यासारखं नव्हतं त्यांना बोलवत होते. नुसतं दाखवायला येणाऱ्यांना फोनवर निभवा म्हणत होते.

या आईबापांच्या व्हॉट्सॲपच्या साखळीतून आमच्या दुकानाचं नाव पुढे गेलं असावं. मेच्या सुमाराला दुसरी माणसं आली. त्यांना औषध नको होतं. नेहरूनगरच्या प्रेस कॉलनीतल्या एक बाई दोरीशी उभ्या राहिल्या, रांग संपेपर्यंत सगळ्यांना पुढे जाऊ दिलं आणि मग पडद्याशी येऊन हळूच म्हणाल्या, “मॅडम, आमच्या मोठ्याला लहानपणी टाटाचं झालेलं आहे. आता सोळा वर्षांचा आहे, ठणठणीत आहे. पण याला इतरांपेक्षा जास्त धोका आहे का हो?”

आमच्याकडे कॅन्सर म्हणत नाहीत, टाटाचं झालंय म्हणतात.

या प्रश्नाला हो म्हणणं सोपं होतं. टीव्हीवर दिवसभर तेच चाललं होतं: ज्येष्ठ नागरिक, मधुमेही, हृदयरोगी, कॅन्सरचे रुग्ण यांनी घराबाहेर पडू नये. नाही म्हणणंही सोपं होतं; अकरा वर्षांपूर्वी संपलेलं दुखणं आता कुठून आलं? मी त्यांना उलट विचारलं, “त्याला काय काय दिलं होतं, आठवतं का?” नावं त्यांना आठवत नव्हती. पण एक गोष्ट बरोबर आठवत होती. “एक लाल औषध होतं. सलाईनमधून. ते दिलं की याची लघवी लाल व्हायची. पहिल्यांदा मी घाबरून नर्सला हाक मारली होती.”

ते लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन किंवा त्याचं भावंड डाउनोरुबिसिन. दोन्ही दिसायला लालभडक, आणि लहान मुलांच्या कितीतरी कॅन्सरमध्ये दोन्हींवाचून भागत नाही. ती कॅन्सरच्या पेशी मारतात तशी हृदयाच्या स्नायूलाही इजा करतात, आणि हृदयाचा स्नायू काही केसांसारखा पुन्हा उगवत नाही. मूल पाच वर्षांचं असताना यातलं काही जाणवत नाही. तेच हृदय जेव्हा पाच फूट आठ इंचांच्या शरीराला पुरवठा करायला लागतं, तेव्हा कधीतरी दहा-पंधरा वर्षांनी दम लागायला सुरुवात होते. सगळ्यांनाच नाही. किती दिलं होतं त्यावर ठरतं. शरीराच्या दर चौरस मीटरला एकूण २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेलं असेल तर धोका मोठा मानतात, त्याच्या खाली कमी. छातीवर रेडिएशनही झालं असेल तर आणखी जपायचं.

म्हणजे बाईंच्या प्रश्नाचं उत्तर आजाराच्या नावात नव्हतं, फाइलमध्ये होतं. मला हे त्या दोन वर्षांत पुन्हा पुन्हा दिसलं, आणि या लेखात माझं म्हणणं म्हणाल तर एवढंच आहे. दोन मुलांना एकच कॅन्सर झालेला असतो. एकाच्या अंगात आज काही उरलेलं नसतं, तर दुसऱ्याच्या फुप्फुसात, मूत्रपिंडात नाहीतर कानात औषधाने काहीतरी मागे ठेवलेलं असतं. ब्लिओमायसिन दिलेलं असेल तर फुप्फुसाकडे बघायचं. सिसप्लॅटिन असेल तर मूत्रपिंडाकडे आणि कानांकडे. बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेलं असेल तर प्रतिकारशक्ती कुठवर परत आली आहे आणि ती दाबणाऱ्या गोळ्या अजून चालू आहेत का, हे विचारायचं. स्टिरॉइड आणि डोक्याचं रेडिएशन झालेल्या काही मुलांची वजनं पुढे वाढतात, साखर चढते. त्यांचा कोरोनातला धोका मग कॅन्सरमुळे कमी आणि वजन-साखरेमुळे जास्त, अगदी कुणाही मधुमेह्यासारखा.

बालपणीच्या कॅन्सरनंतर उरणाऱ्या त्रासांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२० सालीच याबद्दल एक निवेदन काढलं होतं. माझ्या भाचीने, ती पुण्यात डॉक्टर आहे, ते मला पाठवलं. त्याचा मथितार्थ असाच होता: बरी झालेली सगळीच्या सगळी मुलं जोखमीत धरायची नाहीत, हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड, प्रतिकारशक्ती यांत ज्यांच्याकडे काही उणं राहिलंय त्यांनी जास्त जपायचं, बाकीच्यांनी चारचौघांसारखं. उपचार चालू असलेल्या मुलांची गोष्ट निराळी. पुढे ४५ देशांतल्या अशा दीड हजार मुलांच्या नोंदी ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आल्या, त्यांत साधारण पाचातल्या एकाला कोरोना गंभीर झाला होता आणि शंभरात चारेक मुलं गेली होती. धडधाकट मुलांपेक्षा हे खूपच जास्त. टीव्हीवाले मात्र ‘कॅन्सरचे रुग्ण’ म्हणून आज केमो घेणाऱ्याला आणि पंधरा वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्याला एकाच दोरीने बांधत होते.

मग मी विचारणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगायला लागले: फाइल काढा.

इथे खरी गंमत सुरू झाली, गंमत म्हणजे डोक्याला हात लावायची. फाइल बऱ्याच घरांत नव्हतीच. कुणी ती माळ्यावर टाकलेली, गणपतीच्या मखराच्या मागे, जुन्या साडीत बांधून. कुणी घर बदलताना रद्दीत दिलेली. देवळालीगावातल्या एका काकांनी तर मुलगा बरा झाला त्या वर्षी सगळी फाइल, एक्स-रेसकट, दसकच्या घाटावर गोदावरीत सोडली होती. “नवस होता,” ते म्हणाले. “पुन्हा ते कागद घरात नकोत असं हिने बोलून ठेवलं होतं.” मला हसावं का रडावं कळेना. एक्स-रे काही नदीत विरघळत नाही, पण तो मुद्दा वेगळा.

मुलींच्या घरांत तर फाइल म्हणजे चोरीचा माल. सोयरिकीला आलेल्या पाहुण्याच्या हाती लागू नये म्हणून ती मामाच्या गावी नेऊन ठेवलेली. एका मुलीला स्वतःलाच माहीत नव्हतं. ती चार वर्षांची असताना उपचार झाले होते, घरच्यांनी तिला ‘निमोनिया झाला होता’ असं सांगितलेलं. तिची आई मला हे पडद्याच्या खाचेशी वाकून सांगत होती, मुलगी मागे स्कूटीवर बसलेली. मला त्या आईचा राग आला नाही. तिने जे बघितलं होतं ते माझ्या वाट्याला आलेलं नाही. पण बावीस वर्षांच्या मुलीला आपल्या छातीवर रेडिएशन झालंय हे ठाऊक नसेल, तर कोरोना झाल्यावर ती डॉक्टरला काय सांगणार? कोरोना सोडा, पुढे स्तनांची तपासणी इतर बायकांपेक्षा खूप लवकर सुरू करावी लागते, ते तिला कोण सांगणार?

काकांचं काम मात्र झालं. फाइल गोदावरीत गेली तरी नोंद टाटाकडे असतेच, केस नंबर तेवढा हवा. तो काकूंना तोंडपाठ होता. स्वतःचा मोबाइल नंबर विचारला तर त्या नातवाला हाक मारतात, पण तो नंबर त्यांनी पडद्याच्या पलीकडून अक्षरासकट धडाधड म्हणून दाखवला. परळला १९९१पासून ॲक्ट क्लिनिक चालतं. उपचार संपून दोन वर्षं रोगाचं चिन्ह दिसलं नाही की मुलाला तिकडे नोंदवतात आणि पुढे वर्षानुवर्षं बोलावून हृदय, उंची, थायरॉइड, शाळेतली प्रगती असं सगळं बघतात. डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी सुरू केलेलं हे काम आपल्या देशात अशा प्रकारचं पहिलंच. बऱ्या झालेल्या मुलांचा स्वतःचा ‘उगम’ नावाचा गटही आहे, इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छत्राखाली, २००९पासून. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. बरं झालं, नारळ फोडला, संपलं.

तापाचा गोंधळ याहून वाईट होता. त्या एप्रिलमध्ये आम्हाला सांगितलं गेलं होतं की सर्दी, खोकला, तापाचं औषध नेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन लिहून ठेवा. परिणाम असा की लोकांनी ताप लपवायला सुरुवात केली. “डोकं दुखतंय, क्रोसिन द्या.” डोकं सगळ्या जेलरोडचं एकाच वेळी दुखायला लागलं. पुढे चाचण्या वाढल्या तशी सगळ्यांना एक शिस्त लागली: ताप आला, घरातच वेगळ्या खोलीत थांबा, पॅरासिटामॉल घ्या, रिपोर्ट येऊ द्या. बहुतेकांसाठी ही शिस्त योग्यच होती.

पण टाटाने या आईबापांना बरोबर उलटी शिस्त शिकवलेली असते. उपचार चालू असलेल्या मुलाला १००.४च्या वर ताप गेला तर पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, तासाभराच्या आत जवळचं हॉस्पिटल गाठायचं, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना साधा जंतुसंसर्गही रात्रीतून जीव घेतो. लहानपणी प्लीहा काढून टाकलेल्यांचंही तसंच. उपचार संपून वीस वर्षं झाली तरी त्यांचा ताप धावपळीचा. आता हे दोन नियम एकाच घरात एकमेकांवर आदळले. एक बाप रात्री साडेदहाला शटर अर्धं खाली असताना आला. सहा वर्षांचं पोर, गोळ्यांचा टप्पा चालू, ताप १०२. एका दवाखान्यात सांगितलं होतं आधी कोरोनाची चाचणी, मगच आत. तो माझ्याकडे पॅरासिटामॉलचं सिरप मागत होता. मी सिरप दिलं नाही. परळहून दिलेला कागद त्याच्याकडे होता का विचारलं. होता, पाकिटात, घडीवर झिजलेला. तो इंग्रजी कागद मी पडद्याखालून घेतला, ‘तापात ताबडतोब अँटिबायोटिक’ असं लिहिलेल्या ओळीखाली लाल पेनने रेघ मारली आणि म्हटलं, दारावर कोण काय बोलतंय ते ऐकू नका, हा कागद आतल्या डॉक्टरच्या हातात पडेपर्यंत हलू नका. पोराला दाखल करून घेतलं गेलं. कोरोना नव्हता.

त्यानंतर असा कागद ज्यांच्याकडे होता त्यांना त्याच्या चार झेरॉक्स काढून ठेवायला सांगायचे. एक घरात, एक पाकिटात, एक गाडीत, एक शेजाऱ्याकडे.

दुसरी लाट २०२१च्या मार्च-एप्रिलमध्ये आली तेव्हा विचार करायला सवडच नव्हती. बिटको हॉस्पिटलच्या नव्या इमारतीत खाट मिळवायला लोक रात्ररात्र फिरत होते. रेमडेसिविरसाठी दिवसाला शंभर फोन यायचे आणि आमच्याकडे ते नसायचंच. २१ एप्रिलला शहरातल्या महापालिकेच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली आणि एका दुपारीत २२ रुग्ण गेले. तीन दिवसांनी विशाखापट्टणमहून आलेल्या रेल्वेने नाशिकला ऑक्सिजनचे चार टँकर उतरवले. आमच्या गल्लीत त्या महिन्यात ज्या घरांतून माणसं गेली ती घरं मी अजून मोजत नाही.

त्या लाटेत स्टिरॉइड हा शब्द घराघरांत गेला. ऑक्सिजन उतरलेल्या पेशंटला डेक्सामेथासोन जीव वाचवतं हे खरं, पण लोक ते ताप आला की पहिल्या दिवशीच मागायला लागले. मग मेमध्ये म्युकरमायकोसिसची, म्हणजे काळ्या बुरशीची, भीती आली आणि तेच लोक स्टिरॉइडच्या नावाने कानांवर हात ठेवायला लागले. अशातच सिन्नर फाट्याकडच्या एक ताई दुकानात आल्या. मुलगी सतरा वर्षांची. लहानपणी मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीला लागून गाठ होती, ती काढली, वर रेडिएशन झालं. तेव्हापासून तिचं शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवत नाही, रोज हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळीवर चालतं. ताईंनी खाचेतून न फोडलेली एक स्ट्रिप आत सरकवली. “मॅडम, ही परत घ्या. आता देणार नाहीये. शेजारच्या काकूंनी दाखवलं, स्टिरॉइडने डोळे काढावे लागतात.”

मुलीला आदल्या रात्रीपासून कणकण होती.

मी आयुष्यात गिऱ्हाइकावर फार वेळा ओरडलेले नाही. त्या दिवशी ओरडले. ही गोळी इतरांना औषध असेल, तुमच्या मुलीला ते मीठ-पाणी आहे. आजारपणात तर ती बंद करायची नाहीच, उलट वाढवावी लागते, आणि किती वाढवायची ते तिच्या डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेलं असणार. उभ्या उभ्या त्यांना डॉक्टरांना फोन लावायला लावला, स्पीकरवर. डोस वाढवायला सांगितला, उलट्या झाल्या तर गोळी पोटात राहणार नाही म्हणून इंजेक्शनसाठी तडक हॉस्पिटलला जा म्हणाले. तिला कोरोनाच निघाला, सौम्य. दहा दिवसांनी ताई आल्या ते पेढे घेऊन आणि दुसऱ्या स्ट्रिपचे पैसे घेऊन. बालपणी कॅन्सर झालेल्यांना कोरोनापासून कसं जपावं असं कुणी मला विचारलं, तर मास्क आणि सॅनिटायझरच्या आधी मी हेच सांगीन: चालू गोळी शेजारणीच्या सल्ल्याने बंद करू नका. मग ती हृदयाची असो, थायरॉइडची असो की स्टिरॉइड.

मास्कवरून आठवलं. विहितगावचा एक मुलगा लहानपणच्या सिसप्लॅटिनमुळे कमी ऐकतो. मशीन लावतो, पण निम्मं ओठ बघून समजून घेतो. सगळ्या जगाने ओठ झाकल्यावर त्याची पंचाईत झाली. त्यात मशीन, चष्मा आणि मास्कची दोरी, तिघांना एकच कान. मास्क काढताना मशीन दोनदा रस्त्यात पडलं म्हणे. मी त्याला डोक्यामागे बांधायच्या नाड्यांचे मास्क दिले, आणि आमच्या हाताखालच्या मुलाला सांगून ठेवलं की हा आला की ओरडायचं नाही, पाटीवर लिहून दाखवायचं. सवलतींच्या आणि सूचनांच्या कुठल्याच यादीत असल्या गोष्टी नसतात.

यादीवरून माझी एक तक्रार आहे ती नोंदवतेच. १ मार्च २०२१पासून साठीपुढच्यांना आणि ४५ ते ५९ वयाच्या आजारी लोकांना लस सुरू झाली. त्या आजारांची वीस कलमांची यादी आली होती, डॉक्टरांचा दाखला जोडायचा होता. गाठीचा कॅन्सर असेल तर त्यात अट अशी की निदान १ जुलै २०२०नंतरचं हवं, नाहीतर उपचार चालू हवेत. लस कमी होती, कुठेतरी रेघ मारावी लागणार हे मला कळतं. पण लहानपणी कॅन्सर होऊन गेलेली आपल्याकडची बहुतेक माणसं तेव्हा पंचेचाळिशीच्या आतलीच होती, कारण त्याच्या आधीच्या काळात वाचणारी मुलंच मोजकी. म्हणजे लाल औषधाने हृदय अर्धं झालेल्या अठ्ठावीस वर्षांच्या पोराला त्या यादीत जागाच नव्हती. १ मेला अठरापुढच्यांना दार उघडलं आणि लस संपली म्हणून आपल्या राज्यात काही दिवसांत पुन्हा लोटलं गेलं. पंधरा ते अठराची मुलं ३ जानेवारी २०२२पर्यंत थांबली, बारा ते चौदाची १६ मार्चपर्यंत.

लस आल्यावर नवी शंका. “याचं रक्ताचं झालेलं, याला चालेल का?” आपल्याकडच्या कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन, दोन्हींत अंगात वाढणारा जिवंत विषाणू नाही, त्यामुळे बऱ्या झालेल्या मुलांनी घ्यायला हरकत नव्हती, उलट घ्यायलाच हवी होती. ट्रान्सप्लांट नुकतंच झालेल्यांनी कधी घ्यायची तेवढं डॉक्टरांना विचारायचं. आणि घरातल्या मोठ्यांनी आधी घ्यायची. प्रेस कॉलनीतले एक जण मुलासाठी रोज कोविनवर डोळे लावून बसायचे, स्वतः मात्र घेतली नव्हती. तापाची भीती वाटत होती.

आता मागे वळून बघितलं तर माझ्या ओळखीच्या या मुलांपैकी कोरोना बऱ्याच जणांना झाला आणि बहुतेकांना तो चारचौघांसारखाच झाला. नुकसान झालं ते दुसरीकडून. नेहरूनगरच्या त्या सोळा वर्षांच्या मुलाला आईने दीड वर्ष उंबरा ओलांडू दिला नाही. फाइल बघितली तेव्हा लाल औषधाचा डोस मोठा नव्हता, तरी नाही. क्रिकेट बंद, सायकल बंद, मोबाइल चालू. बाहेर पडला तेव्हा वजन वीस किलोने वाढलेलं. ज्या हृदयाला जपायचं म्हणून त्याला कोंडलं, त्याच हृदयावर तेवढा भार चढला. आणि हृदयाची इको? ती दर दोन-चार वर्षांनी व्हायला हवी ती २०२०ला राहिली, २०२१ला राहिली, मग सवयच लागली न करायची. पंचवटी कधीच सुरू झाली आहे, ॲक्ट क्लिनिकही चालू आहे, पण ‘एवढं कोरोनातून निघाला, आता काय होणार’ असं म्हणून कितीतरी जण पुन्हा गेलेलेच नाहीत.

तो मुलगा आता कॉलेजात आहे. परवा दुकानात आला होता प्रोटीन पावडर विचारायला. जिम लावली म्हणाला, वजनं उचलतो. मी डबा फडताळातून काढला नाही, इको कधी केली ते विचारलं. त्याने खांदे उडवले. म्हटलं, आधी इको कर, रिपोर्ट कार्डिओलॉजिस्टला दाखव, वजन किती उचलायचं ते त्यांना विचार, मग डबा ने. तोंड वाकडं करून गेला. दुसऱ्या दुकानातून घेतलाही असेल. संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला, इकोला अपॉइंटमेंट लागते का, आणि फाइल बरोबर न्यायची का म्हणून.